दद्दांची लाडूतुला

उर्मिला कटियारचं पत्र अवस्थी गुरुजींनी चौदा वर्षं शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं होतं. निळं आंतरदेशीय पत्र, घडीवर विरलेलं. त्यातला मजकूर त्यांना पाठ होता. आपण लिहिलेला कुठलाही मजकूर त्यांना इतका पाठ नव्हता.

'आदरणीय गुरुजी, त्या दिवशी मानपत्र तुम्ही वाचलंत. फोटोत तुम्ही तराजूपासून हातभर अंतरावर उभे दिसता. माझे पती नाहीसे झाले त्या वेळी बलभद्र सिंह तराजूत बसले होते, असं कोर्टानं मानलं आहे. मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. ते तेच होते का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.' खाली सही आणि उन्नावकडच्या एका प्राथमिक शाळेचा पत्ता.

हो किंवा नाही. इंटर कॉलेजात छत्तीस वर्षं हिंदी शिकवलेल्या माणसाला तेवढं लिहिता आलं नाही.

हरदत्तगंजात बलभद्र सिंहांना सगळे दद्दा म्हणत. तेव्हा ते आमदार होते, आता मंत्री. दर वाढदिवसाला त्यांची लाडूंनी तुला होई. शाळेच्या मैदानात लाकडी तराजू उभा राही, एका पारड्यात दद्दा आणि दुसऱ्यात बुंदीच्या लाडवांच्या टोपल्या. काटा मधोमध आला की बंदुकीचे बार निघत आणि अवस्थी गुरुजी मानपत्र वाचत. हे काम त्यांच्याकडे कसं आलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एकदा प्राचार्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं, पुढच्या वर्षी नाही म्हणायचा धीर झाला नाही, आणि मग तो रिवाजच पडला. दद्दांच्या नावाआधी सात विशेषणं लागत आणि दर वर्षी ती नवी असावीत, अशी अपेक्षा असे.

त्या वर्षी सोनई नदीवर पूल होत होता. त्याचा कनिष्ठ अभियंता प्रेमसागर कटियार. सिमेंटात वाळूच जास्त आहे म्हणत तो कागदावर सही करीना. वाढदिवसाच्या दिवशी साडेअकराला, दद्दा स्वतः चालवत असलेल्या गाडीत तो बसला, असं दोघांनी पाहिलं. तीन दिवसांनी तो उसाच्या शेतात सापडला. पण साडेअकराला दद्दा तराजूत होते. सारं गाव साक्षीला, वर्तमानपत्रात फोटो. ते दोघे साक्षीदार खोटे ठरले.

फोटोत गळ्यापासून कपाळापर्यंत झेंडूचे हार चढलेला एक माणूस दिसतो. तोंड दिसत नाही. नेत्याला जितके जास्त हार तितका मान मोठा, त्यामुळे तोंड न दिसण्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

गुरुजींना मात्र त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. काटा काही केल्या मध्यावर येईना. लाडवांचं पारडं जमिनीला टेकलेलं, आणि दद्दांचं वर अधांतरी. लाडू मागच्या वर्षीच्या वजनानं वळलेले होते. हलवाई घाम पुसत एकेक टोपली गुपचूप खाली उतरवत होता. एका वर्षात दद्दा वीस किलोंनी हलके झाले होते की काय? गुरुजी हे मनात म्हणत होते, तोवर हारांमागून आवाज आला, "पंडितजी, जरा आटपा हो! नाकात झेंडू गेलाय."

आवाज दद्दांच्या मेहुण्याचा होता, मुन्नन सिंहचा. गुरुजींनी चष्मा सावरला आणि पुढचं विशेषण वाचलं.

पत्राला उत्तर द्यायचं सोडून त्यांनी एक कथा लिहिली. नावं बदलली, जिल्हा बदलला, सगळं हसण्यावारी नेलं, आणि तीनशे प्रती निघणाऱ्या एका त्रैमासिकाला पाठवून दिली. मन हलकं झालं असं त्यांना काही दिवस वाटलं. कथा कुणी वाचली नाही, म्हणजे निदान गावात तरी नाही. पुढे नऊ वर्षांनी मुंबईच्या एका तरुण दिग्दर्शकाला तो अंक रद्दीत मिळाला. फोनवर तो म्हणाला, "सर, याच्यावर सिनेमा करतो." गुरुजींनी घाबरत घाबरत होकार दिला, कारण सिनेमे जाहीर होतात तेवढे निघत नाहीत, असं त्यांनी वाचलं होतं.

हा निघाला.

*

नोव्हेंबरातल्या एका सकाळी पुत्तन शुक्ला दारात उभा राहिला. पुत्तन म्हणजे दद्दांचा उजवा हात. लग्नाची आमंत्रणंही तोच वाटे आणि धमक्याही तोच पोचवी, दोन्ही एकाच हसऱ्या तोंडानं.

"गुरुजी, पाया पडतो. काय हे! एवढं मोठं काम केलंत आणि गावाला पत्ता नाही?"

"काम कसलं... लहानशी गोष्ट होती," गुरुजी पुटपुटले.

"लहानशी? दद्दांनी मोबाइलवर जाहिरात बघितली आणि पोट धरून हसले. म्हणाले, पुत्तन, हा तर हुबेहूब आपला हरपाल चौधरी! तसंच पोट, तशीच चाल. आमच्या गुरुजींनी विरोधकांची पार धुलाई केली म्हणाले. शुक्रवारी तीनचा खेळ दद्दांनी सगळाच्या सगळा घेतलाय. तुमची जागा त्यांच्या शेजारी."

"माझा रक्तदाब..."

"डॉक्टरसुद्धा येतोय सिनेमाला. तिथंच बघेल."

पुत्तन गेल्यावर गुरुजी ओट्यावर बसून राहिले. दुलारीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा आणून ठेवला आणि तो निवला तसा परत नेला.

"मी नाही जात," ते म्हणाले.

"नाही गेलात तर का नाही आलात म्हणून विचारतील. काय सांगाल?"

"पोट बिघडलं."

"मग पोट का बिघडलं ते विचारतील. अहो, जा. अंधारच असतो तिथं. डोळे मिटून बसा."

*

टॉकीजात पहिल्या रांगेपुढे सोफे मांडले होते. दद्दांनी गुरुजींना हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं. मागच्या रांगेत मुन्नन सिंह बसला होता. आता तो अंगानं सुटला होता, केसांना मेंदी लावत होता, आणि तीन वाजताच त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. त्याच्यामागे सगळे कार्यकर्ते.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर एका पुलाचं तीन मंत्र्यांनी तीन वेळा उद्घाटन केलं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पुलाला मधला भागच नाही. दद्दा मांडीवर थापा मारत हसले. "मधला भाग कुठाय रे? हरपालनं खाल्ला!" सगळं थिएटर हसलं. दद्दांचं हसणं मोकळं होतं, लहान मुलासारखं. हसता हसता ते गुरुजींच्या ओंजळीत शेंगदाणे घालत होते. गुरुजी एकेक दाणा तोंडात टाकत होते आणि तो तिथंच राहत होता.

मध्यंतरात फोटो निघाले. मुन्नन सिंहनं गुरुजींच्या गळ्यात हात टाकला. "पंडितजी, एखादी भूमिका मलापण द्यायची होती की! मी काय त्या नटापेक्षा कमी आहे?"

"तू गप बस," दद्दा हसत म्हणाले, "तुला बोलता तरी येतं का?"

मध्यंतरानंतर तराजू आला.

लाकडी तराजू, टोपल्या, झेंडूच्या हारांचा ढीग आणि हारांच्या आत एक माणूस. गुरुजींनी डोळे मिटले. पण कान मिटता येत नाहीत. हलवाई टोपल्या उतरवू लागला तशी मागं खसखस पिकली. मग पडद्यावरच्या मानपत्रवाल्या पंडिताला हारांमागून आवाज आला, "पंडितजी, जरा आटपा हो! नाकात झेंडू गेलाय."

थिएटर हास्यानं दणाणलं. सगळ्यांत मोठ्यानं हसत होता मुन्नन सिंह. हसता हसता त्यानं पुढच्या सोफ्याच्या पाठीवर थाप मारली.

"अग आई गं! अहो, हे तर मी म्हणालो होतो! मी! पंडितजी, आठवतंय ना? त्या दिवशी मीच..."

मागच्या रांगांत क्षणभर हसणं चालू राहिलं. मग ते जिथून सुरू झालं होतं तिथूनच थांबत गेलं, एका रांगेकडून दुसरीकडं. पडद्यावरची माणसं बोलत राहिली.

दद्दा मागं वळले नाहीत. त्यांनी आपला हात गुरुजींच्या गुडघ्यावर ठेवला, दोनदा हलकेच थोपटलं, आणि तो सिनेमा संपेपर्यंत तिथंच राहू दिला. जड, गरम हात. गुरुजींनी तेवढा वेळ पाय हलवला नाही.

दिवे लागल्यावर दद्दांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

"छान लिहिता तुम्ही," ते गुरुजींना म्हणाले. "या वयात एवढं आठवतं म्हणजे नवलच. माझं तर बाबा काही लक्षात राहत नाही."

*

रविवारी गावात बातमी आली की मुन्नन सिंह बद्रीनाथच्या यात्रेला गेले. मंदिर हिवाळ्यासाठी बंद व्हायचे दिवस. कोपऱ्यावरच्या हनुमानाला नारळ फोडायला जो मुन्नन उठत नसे, तो पहाटे चारला कुणालाही न सांगता हिमालयाला निघाला. त्याच्या बायकोला कुणी विचारलं तर ती दार लावून घेई.

पानवाल्यानं सिनेमाचं भित्तिपत्रक टपरीवरून काढून आत ठेवलं. चार दिवस लागणार असलेला खेळ दुसऱ्या दिवशीच उतरला. यंत्र बिघडलं, असं टॉकीजच्या मालकानं फळ्यावर लिहिलं.

सोमवारी पुत्तन पुन्हा आला. या वेळी त्यानं पाया पडून झाल्यावर एक टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला.

"वाचा, गुरुजी. तुमच्यासारखं लिहिलेलं नाही, वकिलानं लिहिलंय. गोड मानून घ्या."

प्रतिज्ञापत्र होतं. त्या दिवशी तराजूत बलभद्र सिंह हेच बसलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. सिनेमातला प्रसंग निव्वळ माझ्या कल्पनेतला आहे. खाली सहीची जागा.

"त्या कटियारच्या बाईचं अपील लागलंय हायकोर्टात. सत्तावीस तारखेला. चौदा वर्षं झाली, बाई थकत नाही. शाळेत पोरांना शिकवते आणि सुट्टी पडली की कोर्टात जाते. आता तिच्या वकिलानं सिनेमा बघितलाय म्हणे. उद्या तो तुम्हाला बोलावेल. तुम्हाला कशाला या वयात लखनौचे हेलपाटे? सही करा, सुंठेवाचून खोकला गेला."

"मी... जरा वाचतो नीट," गुरुजी म्हणाले.

"वाचा की. उद्या दुपारी येतो. आणि येत्या रविवारी दद्दांचा वाढदिवस. मानपत्र तुमचंच. सात नाही, अकरा विशेषणं हवीत, मंत्री झालेत आता." पुत्तन उठला, दाराशी थांबला. "वहिनींचा गुडघा कसा आहे? पहाटे एकट्याच मंदिरात जातात ना? नका जाऊ देऊ. त्या गल्लीत कुत्री फार झालीत. मोकाट."

तो गेला. फाटक त्यानं अगदी हळू लावलं.

गुरुजींनी पेन उघडलं. खोटं कशाला बोला, त्यांना सही करायची होती. नुसती करायची नव्हती, लवकर करायची होती. एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या सहीनं कुणाचं काय बिघडतं? कोर्टानं एकदा मानलंच आहे. तो अभियंता तर काही परत येत नाही. त्यांनी 'अ' काढला आणि दुलारीनं त्यांच्यासमोर शब्दकोशाचा तिसरा खंड आणून ठेवला.

"हे आधी वाचा," ती म्हणाली. "मग काय करायची ती सही करा."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. "तुला ठाऊक होतं?"

"दर दिवाळीला पुस्तकं कोण झाडतं? तुम्ही?"

"मग बोलली का नाहीस?"

"उत्तर लिहाल म्हणून वाट बघत होते. पाच वर्षं बघितली. मग सोडली." तिनं पदरानं पुस्तकावरची नसलेली धूळ पुसली. "सिनेमा आला तेव्हा वाटलं, चला, दिलं बाई एकदाचं उत्तर. फक्त तिला ते तिकीट काढून बघावं लागेल, आणि लोक हसत असताना."

"दुलारी, तो कुत्र्यांबद्दल काय म्हणाला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. मला काय भीती वाटत नाही? स्वयंपाकघरात हातातली कढई तशीच धरून उभी होते. पण मुन्ननची बायको परवापासून दार लावून बसलीय. तिनं मला खिडकीतून विचारलं, वहिनी, गुरुजी काही सांगतील का हो? मी काय सांगू तिला? विशेषणं शोधतायत म्हणून?"

गुरुजींनी कोरा कागद घेतला. 'परम आदरणीया, शोकसंतप्ता, धैर्यमूर्ती' अशी सुरुवात झाली. त्यांनी ती दुलारीला वाचून दाखवली.

"ही कोण?" ती म्हणाली.

त्यांनी कागद फाडला. दुसऱ्या कागदावर आपण तेव्हा का लिहू शकलो नाही याची दोन पानं झाली. तीही वाचताना त्यांना स्वतःचाच कंटाळा आला. चौथा कागद राहिला तो असा:

'तराजूत बलभद्र सिंह नव्हते. त्यांचे मेहुणे मुन्नन सिंह होते. मी आवाज ओळखला होता. हे मी कोर्टात सांगेन. मुन्नन सिंह शनिवारपासून बेपत्ता आहेत, तेही वकिलांना सांगा. अंबिकाशरण अवस्थी.'

*

दुसऱ्या दिवशी दहाला ते निघाले. पत्र बंडीच्या आतल्या खिशात. पोस्ट चौकापलीकडे, दहा मिनिटांची वाट. पुत्तन दुपारी येणार होता, म्हणजे दोन तास हातात होते. पण चौकात पोचायच्या आतच मागून मोटारसायकल येऊन शेजारी उभी राहिली.

"गुरुजी! सकाळी सकाळी कुठं?"

गुरुजींच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. "पोस्टात. हयातीचा दाखला द्यायचाय. पेन्शनचा."

पुत्तन मोठ्यानं हसला. "द्या, द्या! जिवंत आहात हे सरकारला कळलं पाहिजे. बसा, सोडतो."

"मी चालत..."

"बसा हो. आमचे गुरुजी चालत जातील आणि मी गाडीवर? लोक थुंकतील माझ्या तोंडावर."

ते बसले. धरायला काही नव्हतं म्हणून त्यांना पुत्तनचे खांदे धरावे लागले. खिशातलं पत्र त्याच्या पाठीला टेकत होतं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना छातीत लागत होता. पुत्तन वाटेत तीन माणसांना नमस्कार करून झाला. एकाला म्हणाला, "गुरुजींना जिवंत करून आणतो!"

पोस्टासमोर त्यानं गाडी लावली आणि पान खायला टपरीवर उभा राहिला. "या निवांत. इथंच आहे मी. मग घरी सोडतो आणि तो कागदही घेऊन जातो. एकाच फेरीत दोन कामं."

रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर रईस अहमद होता. दहावीत दोनदा नापास झालेला आणि तिसऱ्यांदा गुरुजींनी घरी बोलावून शिकवलेला. तो अर्धवट उठला. "सलाम, गुरुजी. तुम्ही कशाला रांगेत?"

गुरुजींनी पाकीट सरकवलं. "हे रजिस्टर करायचंय. पोचपावतीसकट."

रईसनं पत्ता वाचला. तो पुन्हा वाचला. हरदत्तगंजात ते नाव ठाऊक नसलेला माणूस नव्हता. मग त्यानं पाकीट उलटं केलं.

"पाठवणाऱ्याचं नाव नाही लिहिलंत."

"लागतं?"

"रजिस्टरला लागतं." रईसनं गजांतून बाहेर पाहिलं. टपरीशी पुत्तन चुना चोळत पोस्टाच्या दाराकडेच बघत होता. रईसचा आवाज खाली आला. "गुरुजी, साधंच टाकू का? बाहेरच्या लाल पेटीत. नाव लागत नाही. कुठून आलं कुणाला कळणार नाही. पोचेल बहुतेक."

बहुतेक. गुरुजी पाकिटाकडे बघत राहिले. साधं टाकलं तर ते वाटेत हरवू शकतं. हरवलं तर आपण पाठवलं होतं असं मनाला सांगता येईल. त्या विचारानं त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"पेन दे," ते म्हणाले.

मुलांच्या वह्यांवर हजारो वेळा केलेली सही वेडीवाकडी आली. त्याखाली त्यांनी नाव पुन्हा सुटं सुटं लिहिलं, मग गल्ली, मग घराचा क्रमांक. कुणालाही दार सापडावं, इतकं स्पष्ट.

रईसनं ते वाचलं. शिक्का शाईत बुडवला आणि मारला. पावती फाडून गुरुजींच्या मुठीत दिली, मूठ वरून मिटवली. पाकीट त्यानं उपडं केलं, इतर पत्रांच्या मध्ये घातलं आणि सगळा गठ्ठा उचलून मागच्या गोणपाटी पिशवीत सोडला. दोरी आवळली.

बाहेर पुत्तननं हॉर्न वाजवला.

"आलो," गुरुजी म्हणाले. आणि मग, बाहेर ऐकू गेलं नसेल असं वाटून, पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.